इलेक्ट्रॉनिक त्वचेसाठी कमी विजेवर चालणाऱ्या सेन्सर चिप्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न प्रामुख्याने अभियांत्रिकीचे विद्यार्थी, कृत्रिम हात आणि रोबोटवर काम करणारे गट आणि चिप डिझाइनकडे नव्याने वळलेले लोक विचारत असतात. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इलेक्ट्रॉनिक त्वचा म्हणजे नेमकं काय? आणि त्यात चिप कुठे येते?

लवचीक थरावर दाब, ताण, कंप किंवा तापमान टिपणाऱ्या सेन्सरांची जाळी पसरली की ती इलेक्ट्रॉनिक त्वचा झाली. जाळीतल्या प्रत्येक स्पर्शबिंदूला टॅक्सेल म्हणतात. टोकियो विद्यापीठातल्या ताकाओ सोमेया यांच्या गटाने २००४ साली ऑरगॅनिक ट्रान्झिस्टर वापरून मोठ्या आकाराची लवचीक दाबजाळी दाखवली. स्टॅनफर्डमधल्या झेनान बाओ यांच्या गटाने २०१० साली सूक्ष्म पिरॅमिडांच्या रबरी थराने दाबाची संवेदनशीलता खूप वाढवली.

या बातम्यांमध्ये नवीन पदार्थाचं कौतुक होतं, आणि ते रास्तच आहे. पण टॅक्सेल स्वतः फक्त बदलतो: त्याची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता), रोध किंवा विद्युतभार बदलतो. तो बदल मोजायचा, त्याचा आकडा करायचा, कामाचा आहे की नाही ते ठरवायचं आणि पुढे पाठवायचं, हे सगळं चिप करते. वीजही जवळजवळ सगळी तिथेच खर्च होते.

२. बाजारात टचसाठीच्या तयार चिप्स मिळतात. वेगळी चिप कशाला?

सुरुवात तयार चिपनेच करा. इटलीतल्या जेनोव्हा इथल्या आयकब रोबोटच्या त्वचेत एडी७१४७ ही बाजारात मिळणारी धारिता मोजणारी चिप वापरली आहे. एका छोट्या त्रिकोणी तुकड्यावर एक चिप आणि तिच्याभोवती टॅक्सेल, अशी तिची रचना आहे. शंभर-दोनशे टॅक्सेल असतील आणि वीज तारेने मिळत असेल, तर स्वतःची चिप करण्यात दोन वर्षं घालवू नका.

बॅटरी नाण्याएवढी असेल, टॅक्सेल हजारोंनी असतील किंवा चिप त्वचेच्या आत दिसणार नाही इतकी लहान हवी असेल, तर मात्र वेगळी चिप लागते. टचस्क्रीनची चिप ‘बोट आहे की नाही’ हे ओळखण्यासाठी बनलेली असते. कप किती घट्ट धरलाय आणि तो हातातून निसटतोय का, हे तिला विचारलेलंच नसतं.

३. ‘कमी वीज’ म्हणजे किती कमी? आकड्यात सांगा.

हिशेब बॅटरीपासून सुरू करा. सीआर२०३२ ही नाण्याच्या आकाराची बॅटरी साधारण २२५ मिलीअँपिअर-तास आणि ३ व्होल्टची असते, म्हणजे सुमारे २,४०० ज्यूल. वर्षाचे सेकंद सुमारे ३.१५ कोटी. भागाकार केला की ७७ मायक्रोवॅट येतात. वर्षभर चालवायचं तर त्वचा, चिप आणि रेडिओ या तिघांना मिळून सरासरी इतकीच वीज आहे.

त्यातला रेडिओचा वाटा बघा. ब्लूटूथ लो एनर्जीचा रेडिओ चालू असताना ५ मिलीअँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो, म्हणजे ३ व्होल्टला १५ मिलीवॅट. दर सेकंदाला तो फक्त ३ मिलीसेकंद चालला तरी सरासरी ४५ मायक्रोवॅट गेले. उरले ३२. टॅक्सेल ६४ असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा मायक्रोवॅट येतो, आणि त्यातच मोजणी, घड्याळ, मेमरी आणि गळती बसवायची.

२०१७ साली ग्लासगो विद्यापीठात रविंदर दहिया यांच्या गटाने ग्राफीनच्या त्वचेसाठी दर चौरस सेंटिमीटरला २० नॅनोवॅट हा आकडा दिला. बरेच जण तो संपूर्ण यंत्रणेचा समजतात. तो स्पर्श टिपणाऱ्या थराचा आहे, वाचनाचं सर्किट आणि संदेशवहन वेगळं धरावं लागतं. कुठलाही शोधनिबंध वाचताना हा आकडा कशाकशाचा आहे, हे आधी बघा.

४. सेन्सर कोणता घ्यावा: रोध बदलणारा, धारिता बदलणारा की पिझोइलेक्ट्रिक?

रोध बदलणाऱ्या सेन्सरचं सर्किट सोपं, पण मोजताना त्यातून सतत प्रवाह जातो. १ व्होल्टला १०० किलोओहम म्हणजे १० मायक्रोवॅट, आणि तेही एका टॅक्सेलचे. वाचनापुरतं क्षणभर चालू करून बंद केलं तरच परवडतं. शिवाय ओळी-स्तंभांच्या साध्या जाळीत एका टॅक्सेलचा प्रवाह शेजाऱ्यांतून वळसा घालून येतो आणि न दाबलेला बिंदू दाबल्यासारखा दिसतो. न वाचल्या जाणाऱ्या सगळ्या ओळी वाचनाच्या स्तंभाइतक्याच व्होल्टेजवर धरल्या तर हा त्रास जातो. मात्र धरून ठेवणाऱ्या अँप्लिफायरलाही वीज लागते.

पीव्हीडीएफ या प्लास्टिकसारखा पिझोइलेक्ट्रिक पदार्थ स्वतःच विद्युतभार देतो, दर न्यूटनला साधारण २० ते ३० पिकोकूलंब. कंप आणि निसटणं पकडायला तो उत्तम. पण स्थिर दाब त्याला कळत नाही, भार काही वेळात गळून जातो. आणि तो तापमानालाही प्रतिसाद देतो, त्यामुळे गरम कपाला हात लागला तरी दाब पडल्यासारखा सिग्नल येतो.

धारिता बदलणाऱ्या सेन्सरमधून सरळ प्रवाह जात नाही. २ पिकोफॅरड १ व्होल्टला हजार वेळा भरून रिकामा करायला फक्त २ नॅनोवॅट लागतात. कमी विजेच्या कामासाठी आमचा कौल यालाच. त्याची दुखणी प्रश्न ६, १३ आणि १५ मध्ये आहेत.

५. पीडीएमएसचा (सिलिकोन रबराचा) १०० मायक्रॉनचा सपाट थर घालून सेन्सर केला. दाबला तरी आकडा हलत नाही. चिप बिघडली का?

बहुधा चिप ठीक आहे. ३ मिमी × ३ मिमी इलेक्ट्रोड, मध्ये १०० मायक्रॉन पीडीएमएस, म्हणजे धारिता सुमारे २.१ पिकोफॅरड. पीडीएमएसचा यंग गुणांक (कडकपणाचं माप) २ मेगापास्कलच्या आसपास धरा. १० किलोपास्कल दाबाने थर ०.५ टक्का दबेल आणि बदल होईल ११ फेम्टोफॅरड. प्रत्यक्षात इतकाही होत नाही. रबर दाबलं तरी त्याचं आकारमान घटत नाही, ते बाजूला सरकावं लागतं. ३ मिमी रुंद आणि ०.१ मिमी जाड थर दोन्ही बाजूंनी चिकटलेला असला की त्याला सरकायला जागाच राहत नाही.

जागा द्या, एवढाच उपाय. पिरॅमिड, फेस किंवा खरबरीत पृष्ठ, काहीही चालेल. प्रयोगशाळेत सर्वांत स्वस्त पडतो सँडपेपरचा साचा. त्यावर आधी साचा सोडवणारा फवारा मारा. पीडीएमएस १० भागांस १ भाग हार्डनर असं वजनाने घ्या, पाच मिनिटं नीट ढवळा, बुडबुडे जाईपर्यंत निर्वातात ठेवा, ओता, ८० अंशांवर दोन तास भाजा आणि सावकाश सोला.

थर चिकटच राहिला तर हातमोजे तपासा. लेटेक्समधलं गंधक पीडीएमएसच्या प्लॅटिनम उत्प्रेरकाला निकामी करतं, मग तो कितीही भाजला तरी जमत नाही. नायट्राइलचे मोजे वापरा.

तपासणीसाठी सोपं वजन: १ चौरस सेंटिमीटरवर १०० ग्रॅम म्हणजे जवळजवळ १० किलोपास्कल.

६. चिपपासून सेन्सरपर्यंत ३० सेमी लवचीक केबल आहे. चालेल ना?

केबलची धारिता दर सेंटिमीटरला सुमारे १ पिकोफॅरड धरली तरी २ पिकोफॅरडच्या सेन्सरला ३० पिकोफॅरडचं लोढणं लागलं. केबल वाकली की हे लोढणं बदलतं आणि कोपर हलवला तरी बोटाला स्पर्श झाल्यासारखं दिसतं. शिवाय न टळणारा उष्णताजन्य गोंगाट धारितेच्या वर्गमुळाने वाढतो. खोलीच्या तापमानाला २ पिकोफॅरडवर तो सुमारे ०.०९ फेम्टोकूलंब असतो, ३२ वर ०.३६. म्हणजे १ व्होल्टच्या मोजणीत दिसणारा सर्वांत लहान बदल चौपट जाड झाला.

कोरिलेटेड डबल सॅम्पलिंगने (दोनदा मोजून फरक घेण्याच्या पद्धतीने) यातला बराच भाग वजा होतो आणि केबलचं कवच सिग्नलच्याच व्होल्टेजवर चालवलं तर लोढणंही हलकं होतं. पण दोन्हींची किंमत विजेत मोजावी लागते. खरं उत्तर एकच: चिप सेन्सरच्या शेजारी ठेवा आणि लांब तारेवर आकडे पाठवा.

७. दर टॅक्सेल किती वेगाने वाचावा? ५० हर्ट्झचा गुणगुणाट कसा घालवावा?

माणसाच्या त्वचेकडे बघा. मर्केल पेशी स्थिर दाब सांगतात, माइसनर मंद कंप, आणि पॅसिनियन कणिका २५० हर्ट्झच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतात. निसटणारा पेला या जलद कंपातूनच कळतो. म्हणजे सेकंदाला किमान ५०० नमुने, आणि फिल्टरला श्वास घ्यायला जागा म्हणून १,०००.

विजेच्या तारांचा ५० हर्ट्झ घालवायचा सोपा मार्ग म्हणजे बरोबर २० मिलीसेकंदांची सरासरी. पण तिने २५० हर्ट्झचा कंपही पुसला जातो. म्हणून दोन वाटा ठेवा: सगळ्या टॅक्सेलना मंद आणि सरासरीची वाट, तर बोटांच्या टोकांवरच्या थोड्यांना जलद वाट. एका हाताच्या तळव्याच्या बाजूला सुमारे १७,००० स्पर्श-चेतातंतू असतात, तेही सगळे एका वेगाचे नाहीत.

८. सगळ्यांत जास्त वीज नक्की कशात जाते? आमचा एडीसी (सिग्नलचा आकडा करणारा भाग) तर खूपच काटकसरी आहे.

एडीसीवर सगळे जीव टाकतात आणि गळती दुसरीकडेच असते. चांगला ‘सार’ (एसएआर) प्रकारचा, पायरीपायरीने आकडा शोधणारा एडीसी एका रूपांतर-पायरीला ५ फेम्टोज्यूल घेतो असं धरू. १० बिट, सेकंदाला १,००० नमुने: सुमारे ५ नॅनोवॅट.

आता तोच आकडा एसपीआय (दोन चिप्समध्ये आकडे पाठवण्याची पद्धत) तारेवरून पाठवा. तारेची धारिता ५० पिकोफॅरड, व्होल्टेज १.८, म्हणजे घड्याळाच्या एका पूर्ण ठोक्याला सुमारे १६० पिकोज्यूल. १६ ठोके गुणिले १,००० नमुने केले की २.६ मायक्रोवॅट होतात. तेही फक्त घड्याळाच्या तारेचे, आणि एका टॅक्सेलचे. मोजण्यापेक्षा सांगणं पाचशे पट महाग पडलं.

प्रौढ माणसाच्या त्वचेइतकं क्षेत्र, १.८ चौरस मीटर, घेतलं आणि दर चौरस सेंटिमीटरला एक टॅक्सेल ठेवला, तर १८,००० टॅक्सेल होतात आणि सेकंदाला १८ कोटी बिट वाहतात. त्यातला जवळजवळ सगळा मजकूर ‘काही झालं नाही’ हाच असतो. म्हणून या क्षेत्रात नवीन येणाऱ्याला आमचं पहिलं सांगणं असतं की शांत असलेल्या टॅक्सेलची वीज आधी मोजा. त्वचा बहुतेक वेळ शांतच असते, आणि चिपची लायकी त्या शांततेत ठरते.

९. मग बदल झाला तरच संदेश पाठवायचा, हे उत्तर झालं ना?

बऱ्याच अंशी हो. प्रत्येक टॅक्सेल शेवटचा पाठवलेला आकडा लक्षात ठेवतो आणि फरक ठरावीक उंबरठ्यापलीकडे गेला तरच आपला पत्ता पाठवतो. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात बेंजामिन टी यांच्या गटाने २०१९ साली याच दिशेने एक रचना मांडली: सगळे सेन्सर एकाच तारेवर आपापली ओळख पटणारे स्पंद पाठवतात, आणि निरोप एक मिलीसेकंदाच्या आत पोहोचतो.

पण काही अडचणी नेहमी येतात. एक संदेश हरवला आणि त्यानंतर दाब स्थिर राहिला, तर यंत्रणा कायम चुकीचं समजत राहते. म्हणून सेकंदाला एकदा तरी प्रत्येक टॅक्सेलने खरा आकडा सांगावा. उन्हात नेलं की तापमानाने सगळे आकडे एकदम सरकतात आणि संदेशांचा पूर येतो. यासाठी दाब न पोहोचणारा एक मुका टॅक्सेल जवळ ठेवून त्याचा सरकाव वजा करतात (आयकबच्या त्रिकोणांतही तापमानासाठी अशी सोय आहे). उंबरठा गोंगाटाच्या सहापट तरी हवा. तिप्पट ठेवला तर हजार टॅक्सेल, दर सेकंदाला हजार नमुने, यात दर सेकंदाला हजारो खोटे संदेश येतील आणि वाचवलेली वीज तिथेच जाईल.

आणि जिथे सतत हालचाल असते, उदाहरणार्थ चालणाऱ्या रोबोटचा तळवा, तिथे ठरावीक वेळाने सरळ वाचणंच स्वस्त पडतं.

१०. चिप बनवण्याचं २८ नॅनोमीटरसारखं नवं तंत्र वापरलं तर वीज आपोआप कमी होईल का?

या कामात उलटच व्हायची शक्यता जास्त. ट्रान्झिस्टर लहान झाला की स्विचिंगची ऊर्जा घटते, पण बंद असतानाची गळती वाढते. आपली चिप बहुतेक वेळ काहीच करत नाही, म्हणून गळतीच बिल ठरवते. १८० नॅनोमीटरचा जुना ट्रान्झिस्टर कमी गळतो, जास्त व्होल्टेज सोसतो आणि स्वस्तात मिळतो. मोठी गणितं चिपवरच करायची असतील तरच लहान तंत्राचा विचार करा.

११. सिम्युलेशनमध्ये ४० नॅनोअँपिअर, पण हातात आलेल्या चिप्सपैकी काही सुरूच होत नाहीत. का?

सबथ्रेशोल्डमध्ये, म्हणजे पूर्ण चालू होण्याच्या व्होल्टेजपेक्षा (थ्रेशोल्डपेक्षा) कमी व्होल्टेजवर, चालवलेला ट्रान्झिस्टर घातांकी असतो. दोन जुळ्या ट्रान्झिस्टरांच्या थ्रेशोल्डमध्ये ५ मिलीव्होल्टचा फरक पडला की प्रवाहात सुमारे १६ टक्के फरक पडतो. करंट मिररमध्ये (एका प्रवाहाची नक्कल करणाऱ्या सर्किटमध्ये) म्हणूनच लांब आणि मोठे ट्रान्झिस्टर वापरावे लागतात.

न सुरू होण्याचं नेहमीचं कारण मात्र बायस सर्किट, म्हणजे बाकी भागांना ठरावीक प्रवाह पुरवणारं सर्किट. स्वतःच स्वतःला प्रवाह देणाऱ्या सर्किटला दोन स्थिर अवस्था असतात, ठरलेला प्रवाह आणि शून्य प्रवाह. सिम्युलेटर सुरुवातीचा बिंदू सोयीचा निवडतो, सिलिकॉन तसं करत नाही. पुरवठा शून्यापासून १ मायक्रोसेकंदात आणि १ सेकंदात, असा दोन्ही वेगांनी चढवून, थंड तापमानाला, मंद कोपऱ्यात (ट्रान्झिस्टर सर्वांत मंद निघाले असं धरून) मॉन्टे कार्लो, म्हणजे यादृच्छिक फरक घालून पुन्हा पुन्हा केलेलं सिम्युलेशन, चालवा. मगच चिप कारखान्यात पाठवा.

गळती दर १० अंशांना साधारण दुप्पट होते, म्हणजे २५ वरून ८५ अंशांवर ६४ पट. मनगटावरची पट्टी ८५ अंशांसाठी बनवायची गरज नाही, त्वचा ३२ ते ३४ अंशांवर असते. मोटरशेजारची रोबोट-त्वचा असेल तर गरज आहे.

१२. सिलिकॉन कडक, त्वचा लवचीक. चिप तुटणार नाही का?

वाकवल्यावरचा पृष्ठताण म्हणजे जाडी भागिले वाकाच्या त्रिज्येची दुप्पट. ३०० मायक्रॉन जाड चिप १० मिमी त्रिज्येत वाकवली तर १.५ टक्के, ती तुटेल. २० मायक्रॉनपर्यंत घासली तर ०.१ टक्का, ती टिकते. पण टिकली तरी ताणामुळे ट्रान्झिस्टरची मोबिलिटी (विद्युतभार किती सहज वाहतो ते) बदलते आणि आकडा सरकतो. जोडीतले ट्रान्झिस्टर एकाच दिशेने आणि शेजारी ठेवा, म्हणजे दोघांवर सारखाच परिणाम होईल.

त्याहून सोपं: २ मिमीची साधी चिप कडक बेटावर बसवा आणि बेटं नागमोडी तारांनी जोडा. अशी त्वचा तुटते ती बेटाच्या काठावर, कडक भाग संपून मऊ भाग सुरू होतो तिथे. काठावर मध्यम कडक चिकटद्रव्याची पट्टी द्या.

१३. पावसाळ्यात आकडे वाहत जातात, हिवाळ्यात ठीक असतात.

बोर्डावर राहिलेला फ्लक्स (सोल्डरिंगचं चिकट द्रव्य) हवेतला ओलावा धरतो. तिथे १ गिगाओहमची वाट तयार झाली तर १ व्होल्टला १ नॅनोअँपिअर गळतो, म्हणजे तुमच्या सिग्नलपेक्षाही जास्त. आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून धुवा, ६० अंशांवर काही तास वाळवा, लगेच कोटिंग करा. ओलं असताना कोटिंग केलं तर ओलावा आतच कोंडला जातो. संवेदनशील तारेभोवती त्याच व्होल्टेजची गार्ड रिंग (तांब्याचं संरक्षक कडं) बोर्ड काढतानाच द्या, नंतर ती जमत नाही. मुंबई-कोकणात काम करणाऱ्यांनी हे पहिल्याच बोर्डावर करावं.

१४. नॅनोअँपिअर कसे मोजायचे? आमच्याकडे साधा मल्टिमीटरच आहे.

जमतं. १० मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर घ्या, १ व्होल्टच्या थोडं वर भरा, चिप त्यावर चालवा आणि व्होल्टेज किती वेगाने उतरतं ते बघा. १०० नॅनोअँपिअरला दर सेकंदाला १० मिलीव्होल्ट उतरतात.

यातली नेहमीची चूक म्हणजे मल्टिमीटर जोडून ठेवणं. त्याचा आतला रोध १० मेगाओहम असतो, म्हणजे १ व्होल्टला तो स्वतःच १०० नॅनोअँपिअर पितो, आणि चिप दुप्पट खाते असं वाटतं. टोक क्षणभर टेकवा, आकडा घ्या, उचला, दहा सेकंदांनी पुन्हा टेकवा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वापरू नका, त्याची स्वतःची गळती चिपपेक्षा मोठी असते. चिप न जोडता एकदा हाच प्रयोग करून जी गळती मिळेल ती वजा करा.

१५. हात नुसता जवळ नेला तरी दाब दिसतो. पाण्याचा थेंब पडला तरीही.

धारिता-सेन्सरचं क्षेत्र बाहेर पसरतं, आणि शरीर, धातू, पाणी त्यात शिरतं. वरचा इलेक्ट्रोड अखंड करून सर्किटच्या ग्राउंडशी जोडा, मोजणी खालच्या इलेक्ट्रोडवर करा. मग बाहेरचं जग झाकलं जातं आणि फक्त दाब उरतो. रोबोटला जवळ आलेला माणूस ओळखायचा असेल तर हेच क्षेत्र कामाचं आहे. अशा वेळी वरचं आवरण स्विचने जोडता-सोडता येईल असं ठेवा आणि दोन्ही वाचनं आलटून पालटून घ्या.

घामाने आवरणाच्या कडेतून ओल आत शिरली तर मात्र यातलं काहीच चालत नाही. कडा बंद करा. पण त्वचेवर दिवसेंदिवस राहणाऱ्या पट्टीला श्वासही घेता आला पाहिजे. सोमेया यांच्या गटाने २०१७ साली दाखवलेली सोन्याची नॅनोजाळी त्यासाठीच होती.

१६. बॅटरी काढून टाकता येईल का?

घरातल्या उजेडात लहान सौरपट्टी दर चौरस सेंटिमीटरला दहा-वीस मायक्रोवॅटच्या आसपास देते. प्रश्न ३ मधला हिशेब पाहता चिप त्यावर चालेल, रेडिओ थांबून थांबून चालेल. बाहीखाली मात्र उजेड नसतो. मोबाइल जवळ धरून १३.५६ मेगाहर्ट्झच्या एनएफसीवर वाचायची पट्टी हा आज सर्वांत भरवशाचा बॅटरीविना मार्ग आहे, पण मोबाइल दूर गेला की नोंद थांबते.

१७. कॉलेजात राहून स्वतःची चिप बनवून घेता येते का?

येते. केंद्र सरकारच्या चिप्स टू स्टार्टअप कार्यक्रमातल्या संस्थांना डिझाइनची साधनं सी-डॅकच्या बंगळुरूतल्या चिपइन केंद्रातून मिळतात, आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरवर चिप बनते. प्रश्न १० मध्ये म्हटल्याप्रमाणे या कामाला तेच तंत्र सोयीचं आहे. सेन्सरचा थर करायचा असेल तर पवईच्या आयआयटी मुंबईतली नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची सुविधा इनअप कार्यक्रमातून बाहेरच्या संशोधकांनाही खुली आहे.

पैसे कमी असतील तर टायनी टेपआउट बघा. त्यात अनेकांची लहान डिझाइन्स एकाच चिपवर येतात, एक चौकोन साधारण १६० × १०० मायक्रॉनचा. एक टॅक्सेल वाचणारं सर्किट त्यात बसतं. मात्र पिन सामायिक असतात, त्यामुळे तुमच्या एकट्या सर्किटचा नॅनोअँपिअरमधला प्रवाह बाहेरून वेगळा मोजता येत नाही. आतच ऑसिलेटर ठेवून त्याच्या वारंवारितेवरून बायस प्रवाह ओळखण्याची सोय डिझाइनमध्ये आधीच करा.